परत केलेलं जुनेर

मला अजून राग येतो. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही आणि व्हावं अशी इच्छाही नाही. परवा पुण्याहून एक मुलगी आमचा कारखाना बघायला आली होती. कारखाना म्हणजे शिरोलीच्या अलीकडची भाड्याची एक शेड, ओळीने मांडलेली मशिनं आणि छतापर्यंत रचलेले जुन्या कपड्यांचे गठ्ठे. आमच्या बायका त्यातून जाकिटं, कुडते, लहान मुलांची झबली, पिशव्या शिवतात, आणि हा माल आता कुठे कुठे जातो हे मलाही धड सांगता येत नाही. मुलगी गोड होती. दर वाक्यात एकदा 'सस्टेनेबल' म्हणत होती. तिचा मित्र मोबाइलवर सगळं टिपत होता. तिने विचारलं, "मॅडम, जुन्या कपड्यांवर तुमचं प्रेम पहिल्यांदा कधी बसलं?" मी म्हणाले, "प्रेम कसलं बाई, त्या कपड्यांपायी मी वडिलांशी वैर धरलं होतं." दोघंही हसली. कोल्हापूरची बाई आहे, ठसक्यात बोलायचीच, असं त्यांना वाटलं असणार. चहा पिऊन, गठ्ठ्यांसमोर फोटो काढून गेली. तेव्हापासून माझं डोकं तापलंय, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर राजारामपुरीच्या मागे, रुळांच्या पलीकडच्या वसाहतीत. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दारालगत आईचं शिलाई मशीन, कारण उजेड तेवढ्याच जागी पडायचा. सकाळी पहिला आवाज आईच्या भाकरी थापण्याचा, मग आप्पांच्या सायकलचं स्टँड खाडकन वर जायचं, आणि ते गेले की मशिनचं पायडल सुरू. रुळांवर मालगाडीचे डबे जोडायचे तेव्हा फळीवरची भांडी थरथरायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ते ऐकूही येत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूचे साचे करायचे आणि त्यात तापलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. डब्यात ज्वारीची भाकरी, खर्डा आणि कांदा. रविवारी मटण, आणि ते आप्पा स्वतः करायचे, आईला स्टोव्हजवळ फिरकू न देता. कांदा-लसणाची चटणी ते तेलात अशी परतायचे की शेजारची पोरं खोकत खोकत दारात येऊन उभी राहायची आणि मग जेवूनच जायची. रोज कामावरून आले की ते न्हाणीत शिरायचे ते लवकर बाहेर यायचे नाहीत. कानातली वाळू, नखांतली काजळी, सगळं घासून काढायचे. मग कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसायचे. कुठे जायचं नसायचं. नुसता सदरा घालून बसायचं, एवढंच.

त्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं कापड आत आणायचं नाही. आई वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. कापड नवं असायचं, त्याला हरकत नव्हती. पण मापाला म्हणून बायका जो जुना ब्लाउज आणून द्यायच्या तोसुद्धा आई दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची आणि बाहेर उभी राहूनच टेपने मापं घ्यायची. आमच्याकडची वाकळ आमच्याच कपड्यांची. आप्पांचे विरलेले सदरे, आईची लुगडी, माझे शाळेचे फ्रॉक एकावर एक घालून आई बारीक धावदोऱ्याने चारी बाजूंनी आत आत शिवत जायची, आणि मी रात्री बोटाने चाचपून माझा फ्रॉक शोधायची.

नियमाचं कारण आम्हाला ठाऊक होतं, कारण आप्पांनी ते आम्हाला तोंडपाठ करून ठेवलं होतं. चंदगडाकडच्या आमच्या गावात धर्मांतराचं वारं उशिरा पोचलं. तोवर माझा आजोबा गावकीची कामं करायचा आणि बदल्यात मोठ्या घरांतून शिळं अन्न आणि उतरलेले कपडे मिळायचे. तिकडे पावसात महिनोन्‌महिने कपडा वाळत नाही. आप्पा सांगायचे, दुसऱ्याच्या घामाचा आणि ओलीचा वास अंगाला चिकटून राहायचा. एकदा ते असा एक सदरा घालून शाळेत गेले. ज्याचा तो सदरा होता तो मुलगा त्याच वर्गात. त्याने बटणावरून ओळखला आणि भर वर्गात म्हणाला, "ह्यो माझा हाय." मास्तर हसले आणि म्हणाले, "मग दे की रं त्याचं त्याला." आप्पांनी काढून दिला. उघड्या अंगाने पावसात घरी आले. ही गोष्ट सांगताना ते मुलाला शिव्या द्यायचे नाहीत, मास्तरलाही नाही. ते आजोबाला शिव्या द्यायचे, घेतलंसच का म्हणून. आता काही लोक मला कौतुकाने सांगतात की आमच्याही घरात मोठ्या बहिणीचे फ्रॉक धाकटीला यायचे. त्यांना मी काही बोलत नाही. बहिणीचा फ्रॉक आणि मालकिणीचा फ्रॉक यांतला फरक ज्यांना शिकावा लागला नाही, ती माणसं नशीबवान म्हणायची आणि गप्प बसायचं.

बारावीनंतर मी शिवणाचा कोर्स केला आणि राजारामपुरीतल्या एका बुटीकमध्ये कामाला लागले. मालकीणबाईंना सगळे मंगलवहिनी म्हणायचे, मीही म्हणायची. वहिनींची जीभ मऊ होती, गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग कापड. मला दिवसभर साड्यांना फॉल लावणं आणि पिको करणं. सरळ रेघेत मशीन मारून मारून मान आखडायची आणि मी मनात म्हणायची, हे असंच चालायचं असेल तर मी या मशिनवरच म्हातारी होणार. एकदा एका बाईंनी सासूची इरकल आणली. घडी मोडली आणि साडी घडीघडीवर चिरत गेली. बाई म्हणाल्या, फडकी करा. असल्या साडीवर बोहारीण चहाची गाळणीसुद्धा देत नाही. पण काठ शाबूत होते, पदर तर असा लालभडक की बघत राहावं. मी ती मागून घेतली. सुती अस्तरावर ते विरलेलं रेशीम पसरलं आणि आई वाकळेवर घालते तसा धावदोरा अगदी जवळ जवळ घालत गेले, म्हणजे रेशमाचा सगळा भार अस्तराने आणि टाक्यांनी उचलला. त्याचं आखूड जाकीट बेतलं. वहिनींनी ते अंगात घातलं, आरशात बघितलं, आणि मग दुपारभर उतरवलंच नाही.

"अगं सुजाता," त्या म्हणाल्या, "आमच्या भिशीतल्या प्रत्येकीच्या कपाटात असल्या साड्या डांबरगोळ्या घालून पडल्यात. टाकवत न्हाईत आणि नेसवत न्हाईत. मी गोळा करते, तू शिव. दिवाळीच्या आधी हॉलमधे प्रदर्शन असतंय, तिथं मांडू. निम्मं तुझं, निम्मं माझं. आणि एक टेबल तुझ्या नावाचं लावू की, मोठ्या अक्षरात."

त्या टेबलाने माझी झोप उडवली. माझ्या नावाची पाटी, तिच्याखाली माझी जाकिटं, लोक येऊन विचारणार कुणी शिवलं, आणि मी सांगणार. तिथून ऑर्डरी मिळतील, मग स्वतःचं मशीन, मग स्वतःचं दुकान, इथवर माझी मजल गेली होती. पिको-फॉलमधून बाहेर पडायला दुसरं दार मला दिसत नव्हतं. पण दुकानात शिवायला सवड नव्हती, म्हणजे कपडे घरी आणणं आलं. आईला सांगितलं. ती हातातला ब्लाउज उलटा-सुलटा करत बसली. मग म्हणाली, "आणायचं तर कॉटखाली ठीव. पर त्यास्नी कळलं तर मी मधी पडणार न्हाई, आत्ताच सांगून ठिवते."

आप्पा पहिल्या पाळीला गेले की मी गाठोडं ओढायची आणि दुकानाची वेळ होईपर्यंत शिवायची. कसल्या कसल्या साड्या होत्या त्या. मोरपंखी, वांगी रंगाच्या, एक तर पिकल्या लिंबाच्या रंगाची, तिच्या काठावर जरीचे इवलेसे पोपट. मला त्यात आप्पांचा सदरा दिसत नव्हता. मला काम दिसत होतं. आणि शिवता शिवता मला आप्पांचाच राग यायचा, की तुमच्या वर्गातल्या त्या पोराने तुमचा सदरा काढला आणि तुम्ही तुमच्या नियमाने माझ्या हातातलं कापड काढताय. आई मधूनच वाकून बघायची. एकदा तर तिने माझ्या हातातून सुई घेतली आणि एका बाहीचा धावदोरा स्वतः घातला.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. जाकिटं सगळी शिवून, इस्त्री करून मी एका जुन्या चादरीत बांधली होती. सकाळच्या इस्त्रीने कापडांतला वास वर आला होता, तो आप्पा यायच्या वेळेपर्यंत गेला असता, पण त्या दिवशी भट्टीला वीज नव्हती म्हणून त्यांची पाळी मधेच सुटली. मी वहिनींच्या कामाने शाहूपुरीत अस्तर आणायला गेले होते. पुढचं मला आईने सांगितलं. आप्पा आत आले, जागीच थांबले आणि नाक ओढून म्हणाले, "डांबरगोळी कुठली घरात?" आमच्या घरात डांबरगोळीत ठेवावं असं काही नव्हतंच. त्यांनी कॉटखाली वाकून बघितलं. गाठोडं पायाने बाहेर ओढलं. कुणाचं विचारलं, आईने सांगितलं. त्यांनी ते उघडलं नाही. हातही लावला नाही. चादरीच्या गाठीत दोरी ओवली, दोरीला धरून उचललं, सायकलच्या कॅरिअरवर टाकलं आणि गेले.

मी अस्तर घेऊन दुकानात परतले तर गाठोडं काउंटरवर, दोन गिऱ्हाइकं गप्प बसलेली आणि वहिनींचा चेहरा लाल.

"तुझे वडील आलेते," वहिनी म्हणाल्या. "गाठोडं आपटलं इथं आणि म्हणाले, ह्यो तुमचा उकिरडा, आमच्या घरात पुन्यांदा धाडू नका. माझ्या दुकानात येऊन, माझ्या गिऱ्हाइकांसमोर."

मी म्हणाले, "वहिनी, त्यांना माहीत न्हाई. त्यात तयार माल हाय सगळा. मी घेऊन जाते, मैत्रिणीकडं ठेवते प्रदर्शनापर्यंत."

"कशाला? राहू दे आता. ज्याचं त्याला पोचलं." त्यांनी गाठोडं उचलून आतल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. आवाज तोच, मऊ. "आणि तू पण उद्यापासनं येऊ नकोस बाई. तुमच्या घरी चालत न्हाई, उगीच कशाला वाद."

ज्याचं त्याला पोचलं. हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. आज आमच्या शेडमध्ये लोक गाडी भरून जुने कपडे घेऊन येतात आणि म्हणतात, तुम्हाला द्यायचेत. आम्ही घेत नाही. विकत देणार असाल तर वजन करू, भाव सांगू, पावती फाडू. पुष्कळांना राग येतो. एक बाई तर म्हणाल्या, आम्ही चांगल्या मनाने देतोय आणि तुम्ही भंगारवाल्यासारखा भाव करताय. मी म्हणाले, व्हय, भंगारवालाच बरा. त्याने घेतलेली वस्तू त्याची होते.

घरी आले तेव्हा आप्पा न्हाऊन, सदरा घालून दारातल्या खुर्चीवर बसले होते. मी चपला न काढताच विचारलं, "गाठोडं उघडून बघितलासा?"

"हात लावीन व्हय मी त्याला?"

"त्यात माझं काम हुतं. शिवून तयार."

"काम?" आप्पा उठून उभे राहिले. "लोकांचं उतरलेलं गोळा करायचं आन् त्याच्या झालरी करायच्या, ह्याला काम म्हंत्यात? तुझा आजा अंगात घालत हुता, तू मांडीवर घेतीयास. फरक काय ऱ्हायला?"

"आजाला दिलं हुतं, त्यानं घातलं. मी त्याचं दुसरं काय तरी केलंय. तुमी बघितलं असतासा तर कळलं असतं."

"मला बघायचं न्हाई."

"तेच तर. तुमास्नी तुमचा सदरा तेवढा दिसतोय. मी दिसत न्हाई."

वसाहतीतली माणसं दारात आली होती. आप्पांनी खुर्ची उचलली आणि आत नेली. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडू फुटेना. नोकरी गेली, जाकिटं गेली, टेबल गेलं, आणि ज्या माणसामुळे गेलं तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, जसं काही नुकसान त्याचंच झालं. मग आई मशिनवरून उठली. मधी पडणार नाही म्हणालेली आई.

"अवं, उकिरडा म्हणायच्या आदी गाठ तरी सोडायची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जुनेर त्येंचं, खरं हाय. पर त्यावर टाका आपल्या घरातला हुता. पोरीचा, एका बाहीवर माजाबी. त्यो बी त्येंच्या दारात दिऊन आलासा."

मला तेव्हा कळलं काय झालं होतं ते. जन्मभर मोठ्या घरांकडून सुतळीचा तोडा घेतला नाही म्हणून ताठ बसणारा माणूस, माझ्या हातचं सगळं काम त्यांनाच फुकट देऊन आला होता. ते आप्पांनाही कळलं असावं. त्यानंतर कामावरून आल्यावर ते सदरा घालेनात, बनियनवरच बसायचे. रविवारी मटण आणलं नाही. आईने पिठलं केलं, तिघांनी तीन दिशांना बघत खाल्लं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि बोलायचा माझा विचारही नव्हता.

प्रदर्शनाला मी गेले. का गेले ते विचारू नका. न जाऊन घरात काय करणार होते? हॉलमध्ये पणत्या, उटणी, चकलीची पाकिटं, भरतकामाचे टेबलक्लॉथ, बायकांची ही गर्दी. वहिनींचं टेबल दाराजवळच, सगळ्यांत मोक्याच्या जागी. त्यावर माझ्या नावाची पाटी नव्हती. जाकिटं होती, सगळी, हँगरला लावून, लिंबाच्या रंगाचं सगळ्यांत पुढे. मी ते हातात घेतलं तर गळ्याच्या पट्टीत बुटीकच्या नावाचं सोनेरी लेबल शिवलेलं.

"वहिनी, ही माझी जाकिटं हायत."

"अगं, ये की सुजाता. चहा घे." मग टेबलावरून वाकून, हळू आवाजात, "साड्या कुणाच्या होत्या? आमच्याच ना? तुला शिवायला दिल्या, तुझ्या वडलांनी परत आणून दिल्या. मी काय तुझ्या घरातनं उचलून आणल्या न्हाईत. शिलाई पाहिजे असली तर दुकानावर ये, देते की."

शेजारी एक बाई माझं मोरपंखी जाकीट घालून आरशात बघत होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो. आमच्याकडं कामाला होती. ह्या लोकांना आपण जुनं-पानं पहिल्यापासून देतच आलोय, पण आता देणंसुद्धा अवघड झालंय." त्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि माझ्या जाकिटाची बाही जरा ओढून घेतली, कुठे बसते बघायला.

माझी जीभ चालते अशी माझी ख्याती आहे. त्या वेळी चालली नाही. आणि मागून आवाज आला, "वैनी."

आप्पा उभे होते. भर कामाच्या दिवशी, खाडा करून. पांढरा सदरा घातलेला. ते किती वेळ उभे होते आणि त्यांनी काय काय ऐकलं, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही.

"साड्या तुमच्या हायत," आप्पा म्हणाले. "त्या तुमास्नीच ऱ्हाऊ द्यात. टाका पोरीचा हाय. तेवढा आमी काढून न्हेतो."

वहिनींना काही समजलं नाही. मलाही क्षणभर समजलं नाही. आप्पा माझ्याकडे वळले. "उसवाय काय लागतंय?"

"ब्लेड."

"हाय?"

शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये ब्लेड असतंच. मी ते मधोमध मोडलं आणि अर्धं त्यांना दिलं. त्यांनी हँगरवरून लिंबाच्या रंगाचं जाकीट काढलं. हाताने काढलं. आणि त्या हॉलच्या फरशीवर, टेबलासमोर, मांडी घालून बसले. "दाव कसं ते."

मी अजून त्यांच्यावर चिडलेलीच होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. खाली बसले आणि दाखवलं, चार-दोन टाके सोडून एक कापायचा आणि मग उलट्या बाजूने दोरा ओढायचा. तापलेल्या वाळूने राठ झालेल्या त्यांच्या बोटांना दोरा लागतच नव्हता. दोनदा हातातून निसटला, एकदा बोट कापलं, ते त्यांनी तोंडात घातलं आणि पुन्हा सुरू केलं. ते रेशीम टाक्यांनीच धरून ठेवलं होतं. दोरा निघत गेला तसं ते घडीघडीवर चिरत गेलं, पोपट एकीकडे, काठ एकीकडे. निघालेली प्रत्येक चिंधी आप्पा सरळ करायचे, घडी घालायचे आणि उठून वहिनींच्या टेबलावर ठेवून पुन्हा खाली बसायचे. माझं जाकीट माझ्याच हाताने फाटत होतं आणि मला बरं वाटत नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. पण हात थांबत नव्हता.

"अहो, नास करताय सगळ्याचा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ राहिला नव्हता.

"न्हाई वैनी," आप्पा खाली बघूनच म्हणाले. "जसं हुतं तसं करून देतोय."

गर्दी जमली होती. आरशासमोरच्या बाईंनी मोरपंखी जाकीट घाईघाईने उतरवलं आणि कुठे ठेवावं न कळून माझ्या शेजारी फरशीवर ठेवलं. कुणीतरी विचारत होतं, शिवलं कुणी हे? कुणीतरी म्हणालं, ही बसलीय ती. वहिनींनी इकडे तिकडे बघितलं, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"बरं, पुरे आता. शोभा झाली तेवढी बास. घेऊन जा सगळी. दिली तुला, जा."

आप्पांनी मान वर केली. वहिनींकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"न्ह्यायची काय?" त्यांनी विचारलं. "काम तुझं हाय. तू सांग."

ती जाकिटं मला हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. मी हात लांब करून पुढचं जाकीट ओढून घेतलं, ब्लेड गळ्याच्या पट्टीखाली घातलं आणि पहिल्यांदा ते सोनेरी लेबल काढून वहिनींच्या हातात दिलं. मग खांद्याची शिवण उसवायला घेतली. आप्पा सरकून माझ्या जवळ बसले आणि त्यांनी दुसरी बाही धरली.